कडेवरचं मूल आणि ‘पोशम पा’

आम्ही दिघीकर आळंदी रस्त्यानं पुण्यात निघालो, की विश्रांतवाडीनंतर येरवडा लागतं. रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणी फाशीची शिक्षा डोक्यावर घेऊन तिथल्याच कारागृहात होत्या. त्यांच्यावर बेतलेला ‘पोशम पा’ हा हिंदी चित्रपट २०१९ साली झी फाइव्हवर आला. त्याविषयी आज थोडं बोलतो.

दिग्दर्शक सुमन मुखोपाध्याय. माही गिल, सयानी गुप्ता, रागिणी खन्ना अशी जाणती मंडळी. माहितीपट करणारे दोघं तुरुंगात बहिणींना भेटतात, आणि त्यांच्या बोलण्यातून आई उलगडत जाते, अशी मांडणी. कामं वाईट नाहीत. पण माझी निराशा झाली. आई अशी का झाली, मुली तिच्या मुठीत कशा गेल्या, या मनाच्या कोड्यातच चित्रपट घुटमळत राहतो. पळवलेलं मूल मात्र मागंच राहतं.

मूळ प्रकरणात सगळा डाव त्या मुलावरच होता. अंजनाबाई गावित आणि तिच्या या दोन मुली जत्रांत, देवळांत, गर्दीत पाकीटमारी करत. १९९० साली पुण्यात चतुःशृंगीला रेणुका चोरी करताना पकडली गेली. कडेवर तिचा स्वतःचाच मुलगा होता. पदरी लेकरू असलेली बाई चोरी कशी करेल, असा कांगावा केला आणि लोकांनी सोडून दिलं. धंद्याची युक्ती सापडली ती इथं. मग दुसऱ्यांची मुलं पळवायला सुरुवात झाली.

पुढं कोल्हापुरात महालक्ष्मीच्या देवळापाशी सीमा सापडली, तेव्हा अंजनाबाईनं पळवून आणलेलं मूल जमिनीवर आपटलं. लोक रक्ताकडं धावले, चोर बाजूला राहिला. हे मूल पुढं मारलं गेलं. रडणारं, आजारी, निरुपयोगी झालेलं मूल म्हणजे त्यांच्या लेखी नुसती अडचण.

म्हणजे बघा, यांचं भांडवल होतं ते आपली दया. लेकुरवाळी बाई दिसली की आपला हात आखडतो, आणि तो आखडावाच. त्यावरच कुणी धंदा उभारावा, यापेक्षा भयंकर गोष्ट कुठला थरारपट सांगणार? पण त्यासाठी कॅमेरा आईच्या डोळ्यांवरून काढून गर्दीवर न्यायला हवा होता.

दुसरी गोष्ट, हे १९९६ पर्यंत चाललं कसं? पुणे, ठाणे, कल्याण, नाशिक, कोल्हापूर. आज इथं, उद्या तिथं. पळवलेली बरीच मुलं गरिबाघरची, एक तर भिकारणीचं. त्या आईबापांना संशय तरी कुणाचा सांगता येणार? उलगडा झाला तो अंजनाबाईनं सोडून गेलेल्या नवऱ्याच्या दुसऱ्या संसाराकडं मोर्चा वळवला तेव्हा. त्याची एक मुलगी पळवून मारली, दुसरीच्या मागावर असताना तिघी नाशकात सापडल्या. इथं पहिल्यांदाच मुलीच्या आईला पोलिसांपुढं घ्यायला एक नाव होतं.

अंजनाबाई खटल्याआधीच १९९७ साली वारली. रेणुकाचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला. गुन्ह्याची कबुली देऊन, इतरांविरुद्ध साक्ष देण्याच्या अटीवर शिक्षेतून सुटतो, तो माफीचा साक्षीदार. असल्या घरातल्या घरातल्या गुन्ह्यात त्याच्याशिवाय पुरावा जुळणं अवघडच. २००१ साली कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं दोघींना फाशी सुनावली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली आणि २०१४ साली राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला.

चित्रपट पाहणाऱ्यानं त्यापुढचंही जाणून घ्यावं. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं दोघींची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. गुन्हा सौम्य ठरला म्हणून नव्हे. दयेच्या अर्जाचा निकाल लागायला सात वर्षं, दहा महिने आणि पंधरा दिवस लागले, आणि हा विलंब सरकारी यंत्रणेचा होता, म्हणून.