दोन जुन्या मोटारींपैकी अधिक भरवशाची कोणती?

बंगळुरूमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका कुटुंबापुढे दोन जुन्या मोटारींचा पर्याय आहे, असे समजू या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या आणि २०१८ साली नोंदणी झालेल्या आहेत. पहिली गाडी बंगळुरू शहरातच वापरलेली, एकाच मालकाची आणि ४५ हजार किलोमीटर धावलेली असून तिची किंमत ४ लाख २५ हजार रुपये सांगितली जाते. दुसरी बेळगावहून आलेली, दोन मालकांच्या हातून गेलेली आणि ८० हजार किलोमीटर धावलेली आहे. तिची किंमत ३ लाख ९५ हजार रुपये आहे.

अशा वेळी बहुतेक परिचितांचा सल्ला एकच असतो : तीस हजार रुपये अधिक द्यावेत, पण पहिली गाडी घ्यावी. हा सल्ला योग्य ठरूही शकेल. तथापि, कमी किलोमीटर आणि एकच मालक या ज्या दोन गोष्टींवर तो आधारलेला आहे, त्या गाडीच्या विश्वासार्हतेचा पुरावा ठरत नाहीत. हा पुरावा अन्यत्र शोधावा लागतो.

ख्याती मॉडेलची, दोष गाडीचा

विक्रेत्याला आपल्या गाडीचे दोष ठाऊक असतात, खरेदीदाराला ते ठाऊक नसतात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन या विषमतेचे परिणाम मांडले होते. चांगली आणि सदोष गाडी यांतील फरक ओळखता येत नसल्यामुळे खरेदीदार दोन्हींना मधलीच किंमत देऊ करतो. परिणामी चांगल्या गाडीचा मालक ती बाजारात आणण्यास नाखूश असतो आणि सदोष गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. अकरलॉफ यांना २००१ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराने सन्मानित करण्यात आले. तो पुरस्कार त्यांना अन्य दोन अर्थतज्ज्ञांसमवेत विभागून मिळाला होता.

काही देशांत ही विषमता शासकीय तपासणीमुळे कमी होते. ब्रिटनमध्ये मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची सक्तीची तपासणी होते आणि गाडीच्या क्रमांकावरून मागील तपासण्यांचे निकाल कोणालाही विनामूल्य पाहता येतात. जर्मनीत अशा तपासण्यांच्या आधारे कोणत्या मॉडेलमध्ये किती दोष आढळले, याचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध केला जातो.

भारतात मात्र खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते आणि त्या काळात तिची शासकीय यांत्रिक तपासणी सहसा होत नाही. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र केवळ धुराविषयी सांगते. ब्रेक, सस्पेन्शन किंवा सांगाड्याविषयी नाही. त्यामुळे ‘अमुक मॉडेल भरवशाचे’ ही ख्याती प्रामुख्याने ऐकीव माहितीवर उभी असते. ही ख्याती सुटे भाग आणि कुशल कारागीर सहज मिळतील की नाही, एवढे बऱ्यापैकी सांगू शकते. भारतातील विक्री थांबविलेल्या कंपनीची गाडी घेताना हा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो. मात्र समोर उभी असलेली विशिष्ट गाडी कशी आहे, हे त्या ख्यातीवरून कळत नाही.

किलोमीटरपेक्षा तास महत्त्वाचे

वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या ‘टॉमटॉम’ या संस्थेच्या २०२२ सालच्या पाहणीनुसार बंगळुरूच्या मध्यभागात दहा किलोमीटर अंतर कापण्यास सरासरी सुमारे २९ मिनिटे लागत होती. म्हणजेच गाडीचा वेग ताशी जेमतेम वीस किलोमीटर होता.

हा वेग पहिल्या गाडीला लावून पाहिल्यास, ४५ हजार किलोमीटर धावण्यासाठी तिचे इंजिन सुमारे २,२५० तास चालले असले पाहिजे. बेळगावची गाडी मुख्यतः महामार्गावर, उदाहरणार्थ धारवाडच्या रोजच्या प्रवासासाठी, सरासरी ताशी ५० किलोमीटर वेगाने धावली असेल, तर ८० हजार किलोमीटरसाठी तिचे इंजिन १,६०० तासच चालले आहे. किलोमीटरच्या आकड्यात जवळजवळ निम्मी वाटणारी गाडी इंजिनाच्या तासांत अधिक वापरलेली ठरते.

सिग्नलवर थांबलेल्या गाडीचे इंजिन चालू असते, वातानुकूलन यंत्रणा चालू असते आणि पंखा फिरत असतो. किलोमीटरचा आकडा मात्र जागचा हलत नाही. मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या रांगेत क्लच आणि ब्रेक सतत झिजतात. महामार्गावरील गाडीत टायर आणि सस्पेन्शन यांची झीज अधिक दिसते, परंतु क्लच दीर्घकाळ टिकतो. त्यामुळे ‘किती धावली’ या प्रश्नाइतकाच ‘कोठे आणि कशी धावली’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

डिझेल गाड्यांबाबत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यानंतर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारा फिल्टर बसविण्यात येऊ लागला. साठलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी काही काळ सलग वेगाने चालणे आवश्यक असते. केवळ शहरातील लहान फेऱ्यांसाठी वापरलेल्या गाडीत हा फिल्टर तुंबण्याचा संभव असतो आणि तो बदलणे खर्चिक असते.

मीटरवरील आकडा खरा आहे काय?

वरील हिशेब मीटरवरील आकडा खरा असेल तरच उपयोगी पडतो. हा आकडा मागे नेण्याचे गैरप्रकार बाजारात होत असल्यामुळे अन्य खुणांशी तो पडताळून पाहावा लागतो.

सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे अधिकृत सेवा केंद्रातील नोंदी. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी तारीख आणि किलोमीटर नोंदविले जातात. मालकाच्या संमतीने या नोंदींची प्रत मिळविल्यास आकडा क्रमाने वाढत गेला आहे की मध्येच घटला आहे, हे दिसून येते. इंजिन ऑइल ठरावीक किलोमीटर अथवा ठरावीक महिने, यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्यानुसार बदलायचे असते. शहरातील कमी धावलेल्या गाडीत नेमका हाच नियम दुर्लक्षित राहतो. ‘फारशी चालवलीच नाही’ म्हणून दोन वर्षे ऑइल न बदललेली गाडी त्या कमी किलोमीटरचा लाभ गमावून बसलेली असते.

टायरच्या बाजूवर चार अंकी क्रमांक कोरलेला असतो. त्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि पुढील दोन अंक वर्ष दर्शवितात. ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. केवळ ४५ हजार किलोमीटर धावल्याचा दावा असलेल्या गाडीचे चारही टायर यापूर्वी दोनदा बदलले गेले असतील, तर खुलासा मागणे योग्य ठरते. पेडलवरील रबर, स्टिअरिंगचे चामडे आणि चालकाच्या आसनाची कड यांची झीज मीटरशी जुळते काय, हेही पाहावे.

पुराचे पाणी आणि गाडीचा इतिहास

४ सप्टेंबर २०२२ च्या रात्री बंगळुरूमध्ये अतिवृष्टी झाली. बेळंदूर, यमलूर, मारतहळ्ळी आणि सर्जापूर रस्ता या भागांत पाणी साचले. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना ट्रॅक्टरमधून कार्यालय गाठावे लागले आणि तळघरांत उभ्या असलेल्या मोटारी बुडाल्या. २६ जुलै २००५ चा मुंबईतील पाऊस अनुभवलेल्या वाचकांना या दृश्याची वेगळी ओळख करून देण्याची आवश्यकता नाही.

पाण्यात बुडालेल्या गाडीचे नुकसान दोन प्रकारचे असते. हवा घेणाऱ्या नळीतून पाणी इंजिनात शिरले आणि इंजिन चालू करण्याचा प्रयत्न झाला, तर पाणी दाबले जात नसल्यामुळे पिस्टनला जोडणारे दांडे वाकतात. हे नुकसान तत्काळ लक्षात येते. दुसरे नुकसान संथ असते. वायरिंगच्या जोडांत, संगणकीय नियंत्रण पेट्यांत आणि एअरबॅगच्या यंत्रणेत शिरलेला ओलावा काही महिन्यांनी गंज निर्माण करतो. बाहेरून चकचकीत दिसणारी गाडी मग भर रस्त्यात बंद पडू लागते, आणि अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडेलच याची शाश्वती राहत नाही.

दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असल्यास विमा कंपन्या सर्वसाधारणपणे ती गाडी संपूर्ण नुकसानग्रस्त धरतात. अशा गाडीचा सांगाडा विकला जातो आणि दुरुस्त होऊन ती पुन्हा बाजारात येण्याची शक्यता असते. म्हणूनच विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागणे आवश्यक आहे.

पाण्याच्या खुणा पूर्णपणे पुसणे कठीण असते. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढल्यास त्यावर गढूळ रेषा दिसू शकते. आसनाखालील लोखंडी पट्ट्यांवरील गंज, पायपुसण्याखालील गालिच्याचा कुबट वास, दिव्यांच्या काचेआडील बाष्प आणि डिकीत जादा चाकाच्या खोबणीत साठलेला गाळ, ही तपासण्याची ठिकाणे होत. याउलट, जुन्या गाडीत अगदी नवा गालिचा आढळल्यास त्याचेही कारण विचारावे.

प्रत्यक्ष तपासणी

गाडी पाहण्यास सकाळी जावे आणि इंजिन आधी तापवून ठेवू नये, असे विक्रेत्यास सांगावे. थंड इंजिन सुरू होताना येणारा आवाज आणि धूर बरेच काही सांगून जातो. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे, तर सतत येणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर शीतक द्रव इंजिनात शिरत असल्याचे लक्षण असू शकते.

चाचणी फेरी किमान अर्ध्या तासाची असावी आणि तीत गर्दीचा रस्ता, चढण व मोकळा रस्ता या तिन्हींचा समावेश असावा. चढणीवर इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच घसरत आहे असे समजावे.

गाडीच्या संगणकास जोडावयाच्या स्कॅनर उपकरणाद्वारे दोषांचे संकेत वाचता येतात. येथेही सावधगिरी आवश्यक आहे, कारण विक्रीपूर्वी हे संकेत पुसता येतात. मात्र पुसल्यानंतर संगणकाच्या स्वयंचाचण्या काही काळ अपूर्ण दिसतात. म्हणजेच ‘एकही दोष नाही’ आणि ‘चाचण्या अपूर्ण’ असे दोन्ही एकाच वेळी दिसल्यास संशयास जागा आहे. स्वतंत्र कारागिराकडून दोन्ही गाड्यांची तपासणी करून घेण्यासाठी होणारा खर्च संभाव्य नुकसानीच्या तुलनेत किरकोळ असतो. हा कारागीर विक्रेत्याने सुचविलेला नसावा.

कागदपत्रांची विश्वासार्हता

गाडी यांत्रिकदृष्ट्या निर्दोष असूनही कागदपत्रांमुळे अडचणीची ठरू शकते. नोंदणी पुस्तिकेतील चॅसिस व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकाशी जुळवून पाहावेत. केंद्र शासनाच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा यांची माहिती मिळते. बँकेचे कर्ज फिटले असले, तरी बोजा नोंदीतून उतरविला गेला आहे काय, हे पाहणे आवश्यक आहे.

मोटार वाहन कायद्यानुसार गाडी घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत मालकी हस्तांतराची सूचना द्यावयाची असते. ही औपचारिकता नव्हे. एका अपघात प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेल्या निकालानुसार, गाडी अनेक हातांतून गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावे आहे, तोच नुकसानभरपाईस जबाबदार ठरतो. त्यामुळे हस्तांतर वेळेत होणे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. विक्रेता व्यावसायिक असल्यास त्याच्याकडे परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र आहे काय, हे विचारावे. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी ते आवश्यक करण्यात आले आहे.

पुणे अथवा कोल्हापूरची नोंदणी असलेली गाडी बंगळुरूत स्वस्त मिळत असल्यास आणखी एक हिशेब करावा लागतो. अन्य राज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तिची नव्याने नोंदणी करावी लागते. कर्नाटकातील मोटार कराचे दर देशात चढ्या दरांपैकी आहेत. कराची आकारणी गाडीच्या वयानुसार कमी होत असली, तरी स्वस्त वाटलेली गाडी त्यामुळे महाग पडू शकते.

अंतिम हिशेब

आता पुन्हा त्या दोन गाड्यांकडे वळू. तपासणीत पहिल्या गाडीचा क्लच, बॅटरी व पुढील ब्रेक यांसाठी २२ हजार रुपयांचा, तर दुसऱ्या गाडीचे टायर व सस्पेन्शन यांसाठी ३३ हजार रुपयांचा खर्च निघाला, असे धरू. पहिली गाडी ४ लाख ४७ हजारांना आणि दुसरी ४ लाख २८ हजारांना पडते. अंतर १९ हजारांवर आले. दोन्ही रकमा त्याच मॉडेलच्या नव्या गाडीच्या आजच्या किमतीशीही ताडून पाहाव्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे जुन्या गाडीच्या पूर्वीच्या किमतीचा दाखला आता ग्राह्य धरता येत नाही.

या अंतरापेक्षा नोंदींना अधिक वजन द्यावे लागते. पहिल्या गाडीच्या सर्व नोंदी सलग असतील, तर १९ हजार रुपये अधिक देणे समर्थनीय आहे. परंतु सप्टेंबर २०२२ मध्ये ती ओढून सेवा केंद्रात आणल्याची नोंद सापडली आणि विक्रेता त्याविषयी मौन बाळगत असेल, तर कमी किलोमीटर आणि एकच मालक या दोन्ही गोष्टी निरर्थक ठरतात. बेळगावच्या गाडीचे दोष दिसणारे, मोजता येणारे आणि दुरुस्त होणारे आहेत. बंगळुरूच्या गाडीचे दोष मोजता येत नाहीत.

दोन्ही गाड्यांचा इतिहास अपुरा असेल, तर दोन्ही नाकारणे हाही निर्णयच आहे. कुटुंबाची काही वर्षांची बचत आणि त्यातून प्रवास करणाऱ्यांची सुरक्षितता यांचा प्रश्न असताना आणखी महिनाभर वाट पाहण्याची किंमत फार नाही.