दरवाज्याशी बसलेल्यांचे ऐका

1 जुलै 2023 च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. ती दरवाज्याच्या बाजूवरच आडवी पडली होती. 25 प्रवासी आत जळून गेले. वाचले ते मुख्यतः काचा फोडून निघालेले. सुलतानपूर, लोणार, मेहकर पट्ट्यात ही आठवण अजून ओली आहे. अपघातातून जगलेला माणूस केवळ बाहेर पडता न आल्याने मरतो, हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

विमानात नेमक्या याच क्षणासाठी माणसे नेमलेली असतात. आपण त्यांना पाणी नि सँडविच देताना पाहतो, म्हणून त्यांचे खरे काम नजरेआड राहते. विमान उतरू लागले की केबिन क्रू दरवाज्याजवळच्या घडीच्या जंप सीटवर पट्टे आवळून बसतात आणि मनातल्या मनात उजळणी करतात. माझा दरवाजा कोणता, बाहेर आग दिसली तर दुसरा कुठला, हँडल कोणत्या दिशेला फिरवायचे, मदतीला कोणाला हाक मारायची. ही उजळणी प्रत्येक उड्डाणाला आणि प्रत्येक उतरण्याला होते. तिचे मोल 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर दिसले. जपान एअरलाइन्सचे विमान धावपट्टीवरच्या दुसऱ्या विमानावर आदळून पेटले. आतली ध्वनिक्षेपण यंत्रणा बंद पडली. क्रूंनी हाती भोंगे घेतले, ज्वाळांकडचे दरवाजे उघडू दिले नाहीत, आणि विमानातली सर्व 379 माणसे बाहेर आली.

मग या माणसांना नियमांबद्दल काय खटकते? पहिली गोष्ट तान्ह्या बाळांची. प्रवासी विमानाच्या नव्या प्रकाराला मान्यता मिळण्यापूर्वी निम्मेच दरवाजे वापरून 90 सेकंदांत सगळ्यांना बाहेर काढता येते हे सिद्ध करावे लागते. त्या चाचणीत बाळांच्या जागी बाहुल्या असतात. प्रत्यक्षात बाळ आईच्या मांडीवर असते. आपल्याकडे दोन वर्षांखालच्या मुलाला आईच्या पट्ट्यात ओवलेला छोटा पट्टा लावतात. अमेरिकेत उड्डाण करताना आणि उतरताना तसा पट्टा वापरायला परवानगी नाही, कारण धक्क्यात बाळाचे पोट त्यातच चेपते. पण स्वतंत्र आसन तिथेही सक्तीचे नाही.

त्या सक्तीसाठी जॅन ब्राऊन आयुष्यभर भांडल्या. 19 जुलै 1989 रोजी युनायटेड एअरलाइन्सचे विमान अमेरिकेतल्या सू सिटीला कोसळले, तेव्हा त्या मुख्य फ्लाइट अटेंडंट होत्या. मांडीवरच्या मुलांना पायाशी जमिनीवर ठेवा, घट्ट धरा, असे त्यांनी पालकांना सांगितले. त्या वेळच्या सूचना तशाच होत्या. विमान आदळल्यावर त्या बाहेर आल्या, तर एक आई मुलाला शोधायला परत आत निघालेली. ब्राऊन यांनी तिला अडवले. ते मूल वाचले नाही. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने 1990 मध्ये बाळांना स्वतंत्र आसन सक्तीचे करण्याची शिफारस केली. विमान नियामकाने ती मानली नाही. जादा तिकीट परवडले नाही तर कुटुंबे मोटारीने जातील आणि रस्त्यावर अधिक माणसे मरतील, असा त्यांचा हिशेब. हिशेब म्हणून तो खोटा नसेलही, पण धक्का बसल्यावर बाळाला हातांनी धरून ठेवणे कोणत्याही आईच्या ताकदीबाहेरचे आहे, आणि हे जंप सीटवर बसणाऱ्यांइतके जवळून कोणी पाहिलेले नाही.

यंत्रणेच्या कुचराईचे उदाहरण शोधायला आपल्याला अमेरिकेत जावे लागत नाही. 26 एप्रिल 1993 रोजी औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग उडाले आणि धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून चाललेल्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला त्याचे चाक लागले. पुढे ते विजेच्या तारांत अडकून कोसळले. 118 पैकी 55 जण गेले. वैमानिकाने विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, हे चौकशीत निघालेच. पण उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचा ठपका विमानतळ प्राधिकरणावरही आला. विमान येताना-जाताना रस्ता थांबवावा, एवढीच साधी गोष्ट राहून गेली होती.

आजचा मोठा प्रश्न थकव्याचा आहे. मंगळूरला 22 मे 2010 रोजी 158 जण मेले. त्या विमानाचा कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपला होता, आणि त्या झोपेची गुंगी चौकशीत कारणांमध्ये नोंदली गेली. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तासांवर नेणारा नियम 2025 मध्ये लागू झाला. हे नवे नियम पाळताना डिसेंबरमध्ये इंडिगोच्या हजारो फेऱ्या रद्द झाल्या आणि विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, कंपनीला नव्या नियमांतून तात्पुरती सूट दिली. शिवाय हा बदल वैमानिकांपुरता होता. आग लागली तर दरवाजा उघडायचा की बंद ठेवायचा, हे दोन-तीन सेकंदांत ठरवणारी व्यक्तीही तीच रात्र जागून काढते. तिचा थकवा चर्चेत दुय्यम राहतो, हे मला मुळीच पटत नाही. ही माणसे परकी नाहीत. 12 जून 2025 ला अहमदाबादला कोसळलेल्या विमानात दहा केबिन क्रू होते. त्यांत डोंबिवली, बदलापूर आणि पनवेलजवळच्या न्हावा गावची तरुण मंडळी होती.

त्याच वर्षी संसदीय समितीने डीजीसीएमधली जवळपास निम्मी मंजूर पदे रिकामी असल्याकडे बोट दाखवले. तपासायला माणसेच नसतील तर रोस्टरमधली विश्रांती कागदावरच राहणार.

डीजीसीए नवे नियम करण्यापूर्वी मसुदा संकेतस्थळावर टाकते आणि लोकांच्या सूचना मागवते. केबिन क्रूच्या विश्रांतीचा किंवा बाळांच्या आसनाचा मसुदा येईल तेव्हा, ज्यांची मुलेबाळे पुणे-मुंबईहून विमानाने ये-जा करतात, त्यांनी सुलतानपुरातूनही चार ओळी जरूर लिहून पाठवाव्यात.