संदर्भोल्लेखांची मोजदाद आणि भारतीय भाषांतील संशोधन

संशोधकाचा प्रभाव किती, याचा निवाडा पूर्वी त्याचे शिष्य आणि प्रतिस्पर्धी मिळून करीत. आता तो निवडसमितीपुढे आकड्यांच्या रूपाने येतो. हे आकडे कसे सिद्ध होतात, ते साहित्याच्या अभ्यासकानेही जाणून घेणे अगत्याचे झाले आहे.

यूजीन गार्फील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात संदर्भोल्लेख-सूचीची कल्पना मांडली. अमेरिकेतील वकील वापरीत असलेली निवाड्यांची सूची त्यांच्यापुढे नमुना म्हणून होती. एखाद्या निबंधाचा आधार पुढे कोणी घेतला आणि त्यावर आक्षेप कोणी घेतला, हे अभ्यासकाला सापडावे, हा तिचा प्रमुख हेतू. शोधाचे हे साधन कालांतराने मापाचे झाले. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचविला: ज्याच्या १२ लेखनांचा प्रत्येकी किमान १२ वेळा उल्लेख झाला, परंतु १३ लेखनांचा प्रत्येकी १३ वेळा झाला नाही, त्याचा निर्देशांक १२. आता ज्याने आयुष्यभरात एकच ग्रंथ लिहिला, त्याचा उल्लेख ५०० वेळा झाला तरी त्याचा निर्देशांक १ च राहणार! निबंधांवर जगणाऱ्या शास्त्रांना हे माप कदाचित मानवेल. ग्रंथांवर जगणाऱ्या विद्याशाखांना ते मानवत नाही.

दुसरे माप सहकार्याच्या जाळ्याचे. दोन व्यक्तींनी मिळून लेखन केले की त्यांच्यामध्ये एक रेषा काढावयाची, आणि अशा रेषांवरून कोण मध्यवर्ती ते ठरवावयाचे. मार्क न्यूमन यांनी २००१ मध्ये विज्ञानातील अशा जाळ्यांचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला.

मराठीतील एक उदाहरण या दोन्ही मापांना लावून पाहावे. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ १९८४ चा, त्याला १९८७ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये निघाला. इंग्रजी नियतकालिकांवर मुख्यतः आधारलेल्या सूचीला मराठी ग्रंथांच्या तळटीपा दिसत नाहीत. म्हणजे मधल्या २७ वर्षांतील मराठी चर्चा तिच्या लेखी जवळजवळ घडलीच नाही. शिवाय मूळ आणि अनुवाद यांची शीर्षके भिन्न असल्याने एकाच विचाराचे उल्लेख दोन नोंदींत विभागले जातात.

जाळ्याचे चित्र याहून चमत्कारिक आहे. फेल्डहाउस यांनी शं. गो. तुळपुळे यांच्यासमवेत प्राचीन मराठीचा कोश सिद्ध केला (१९९९). म्हणून त्या दोघांत रेषा उमटते. ढेरे यांच्याशी मात्र नाही, कारण अनुवादक हा सहलेखक गणला जात नाही. एक अवघा ग्रंथ दुसऱ्या भाषेत वाहून नेण्याइतका निकटचा बौद्धिक संबंध दुसरा कोणता असू शकेल? आपल्याकडील सहकार्य बहुधा असेच, मुखपृष्ठाबाहेरचे असते: कोणी पोथी पुरवितो, कोणी शिलालेखाचा पाठ तपासतो, कोणी प्रस्तावना लिहितो.

स्थानिक भाषांतील संशोधनाला संरक्षण मिळावे, हे २०१५ च्या ‘लायडन जाहीरनाम्या’नेही मान्य केले आहे. परंतु मान्यतेने सूची तयार होत नाही. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकासारख्या नियतकालिकांतील तळटीपा आणि ग्रंथांतील ऋणनिर्देशाची पाने यांची पद्धतशीर सूची करणे, हे काम भाषाविभागांनाच करावे लागेल. एका विभागाने एका दशकाचे अंक घेतले, तरी आरंभ होईल.