बेरीज जुळली, पण ऊस कुठे आहे?

ताळेबंद जुळला की नवखा कारकून सुटकेचा निःश्वास टाकतो. मुरलेला तपासनीस तेव्हा चष्मा पुसून कामाला बसतो. एकाची रक्कम चुकून दुसऱ्याच्या खात्यात जमा झाली, तरी बेरीज तंतोतंत जुळते, हे त्याला ठाऊक असते. माझी हयात बँकेत गेली. त्यामुळे उपग्रहाचे नकाशे पाहतानाही मला हेच आठवते.

आयआरएस-१ए हा आपला नियमित वापराचा पहिला दूरसंवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला. असा उपग्रह टिपतो तो जमिनीवरून परावर्तित झालेला प्रकाश. त्यावरून संगणक प्रत्येक ठिपक्याला नाव देतो: ऊस, ज्वारी, पडीक, पाणी. पण हे नाव खरे कशावरून?

त्याचे उत्तर शेताच्या बांधावरच मिळते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ठिकाणे निवडायची, डांबरी रस्त्यालगतची सोयीची तेवढीच नव्हेत, आणि तिथे जाऊन पीक पाहायचे. ज्या शेतांवरून संगणकाला ऊस ओळखायला शिकवले, ती शेते या परीक्षेला चालत नाहीत. रोखपालानेच आपली तिजोरी तपासल्यासारखे ते होईल.

आता गंमत पाहा. समजा, २०० ठिकाणे तपासली. नकाशाने ५० ठिकाणी ऊस दाखवला. जमिनीवरही ऊस ५० ठिकाणीच निघाला. वा! पण जागेवर जुळली फक्त ३०. नकाशातला ऊस २० ठिकाणी शेतात नव्हता, आणि शेतातला ऊस दुसऱ्या २० ठिकाणी नकाशात नव्हता. उरलेली १३० ठिकाणे बरोबर. म्हणजे एकूण अचूकता ८० टक्के, उसाची मात्र ६०!

म्हणून जाणकार दोन प्रश्न वेगळे विचारतात. नकाशात ऊस आहे तिथे गेल्यावर तो किती वेळा सापडतो? आणि शेतात उभ्या असलेल्या उसापैकी नकाशाने किती पकडला? इथे दोन्ही उत्तरे ६० आली. एरवी त्यांत बरेच अंतर पडू शकते.

साखर कारखान्याला गाळपाच्या अंदाजासाठी बेरीज पुरेल. पण नुकसानभरपाई अशा नकाशावरून ठरली आणि आपला गट नंबर त्या सुटलेल्या २० मध्ये असला, तर जिल्ह्याची बेरीज त्या शेतकऱ्याच्या काय कामाची?

तेव्हा वाचकहो, ‘नकाशा ८० टक्के अचूक’ असे कोणी सांगितले, तर ‘कोणत्या पिकात, आणि कुठे जाऊन पाहिले?’ हेही विचारा. बेरीज सगळ्यांची असते. खाते एकेकाचे असते.