विषयवार वर्गीकरण आणि ग्रंथतालिका : मराठी ग्रंथांच्या संदर्भात काही विचार

महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १९७९ मध्ये निघाला. त्यात ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ आहे, भाषावार राज्यरचनेवरील लेखन आहे आणि १९१८ मधील ‘स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज’ हा शेतजमिनीच्या तुकड्यांविषयीचा निबंधही आहे. समाजशास्त्र, राज्यशास्त्र आणि कृषी अर्थशास्त्र अशा तीन विषयांच्या प्राध्यापकांना हा एकच खंड हवा असू शकतो. परंतु ग्रंथ ही वस्तू एका वेळी एकाच मांडणीवर उभी राहू शकते. तो समाजशास्त्रात ठेवला, तर अर्थशास्त्राच्या कपाटासमोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो ग्रंथालयात नसल्यातच जमा होतो. ग्रंथालयाच्या विषयवार रचनेतील बहुतेक सर्व अडचणी या एका वस्तुस्थितीतून उद्भवतात.

या अडचणीवर ग्रंथालयशास्त्राने दोन स्वतंत्र साधने योजली आहेत आणि अनेकदा त्यांची गल्लत केली जाते. पहिले साधन वर्गीकरण. ग्रंथाच्या प्रमुख विषयाला एक वर्गांक द्यावयाचा, त्यास लेखकनिदर्शक ग्रंथांकाची जोड देऊन बोधांक तयार करावयाचा आणि तो ग्रंथाच्या कण्यावर चिकटवावयाचा. हा बोधांक ग्रंथाची जागा ठरवितो, म्हणून तो एकच असतो. दुसरे साधन तालिका, म्हणजे ग्रंथांच्या नोंदींची सूची. तालिकेत त्याच ग्रंथाला हवी तितकी विषयशीर्षके देता येतात. वर्गीकरणकाराला निवड करावी लागते. तालिकाकाराला ती सक्ती नाही. ही सवलत आपण फारच कमी वापरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालयांत प्रचलित असलेली दशांश वर्गीकरण पद्धती मेलविल ड्यूई यांनी १८७६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केली. सर्व ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग, प्रत्येकाचे दहा विभाग, पुन्हा त्यांचे दहा पोटविभाग आणि त्यापुढे दशांश चिन्ह देऊन हवा तितका विस्तार, अशी तिची घडण आहे. अंक लांबतो तसा विषय नेमका होत जातो. उदाहरणार्थ, ३०५.५१२२ हा जातिव्यवस्थेचा अंक. त्याला स्थलदर्शक ०९ जोडून पुढे महाराष्ट्राचा ५४७९२ हा अंक लिहिला, की ३०५.५१२२०९५४७९२ म्हणजे ‘महाराष्ट्रातील जातिव्यवस्था’ असा वर्गांक सिद्ध होतो. कण्यावर मावणार नाही इतका तो लांब आहे हे खरे. पण त्यातील प्रत्येक अंक अर्थपूर्ण आहे.

मराठी समाजाचा अशा पद्धतींशी संबंध जुना आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांस पाचारण केले. बॉर्डन यांनी ड्यूई व कटर यांच्या पद्धतींचा मेळ घालून बडोद्यासाठी वेगळी वर्गीकरणपद्धती तयार केली. बाहेरची पद्धती जशीच्या तशी न स्वीकारता आपल्या संग्रहाला अनुरूप करून घ्यावी, हा विचार त्या काळीही होता, एवढे यावरून दिसते.

तशी गरज का भासावी, हे वर्गांकांकडे पाहिले की ध्यानात येते. इंग्रजी कादंबरीला ड्यूईमध्ये ८२३ हे तीन अंक पुरतात. मराठी कादंबरीला ८९१.४६३ असे सहा अंक लागतात, कारण मराठी वाङ्मय ‘इतर भाषा’ असलेल्या ८९० या विभागात, भारतीय-इराणी शाखेच्या पोटात बसविलेले आहे. धर्माच्या वर्गात २२० ते २८० हे सर्व विभाग ख्रिस्ती धर्माला मिळाले आहेत. हिंदू धर्म २९४.५ मध्ये आणि बौद्ध धर्म २९४.३ मध्ये सामावला आहे. कोकणीला १९७५ मध्ये साहित्य अकादमीने स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली; पण ड्यूईमध्ये तिचा ४९१.४६९ हा अंक अद्याप मराठीच्या ४९१.४६ खालीच आहे. गोव्यातील एखाद्या ग्रंथपालास याविषयी काय वाटत असेल, याची कल्पना करता येईल.

अर्थात अंकांच्या लांबीपेक्षा स्थाननिश्चितीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ‘ज्ञानेश्वरी’चेच उदाहरण घ्या. ती भगवद्गीतेवरील टीका आहे, म्हणून २९४.५९२४ येथे गीतेच्या शेजारी ठेवता येते. ती मराठी काव्यही आहे, म्हणून ८९१.४६१ हाही अंक तितकाच योग्य. पहिला अंक स्वीकारल्यास मराठी विभागाच्या मांडणीतून मराठीचा सर्वांत थोर काव्यग्रंथ नाहीसा होतो. दुसरा स्वीकारल्यास तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला तो गीताभाष्यांमध्ये आढळत नाही. दोन्ही निर्णय समर्थनीय आहेत. असमर्थनीय गोष्ट एकच, ती म्हणजे एका आवृत्तीला एक आणि दुसऱ्या आवृत्तीला दुसरा अंक देणे. दुर्दैवाने हेच सर्वाधिक घडते, कारण मागच्या वेळी कोणता निर्णय घेतला याची टिपणवही ठेवण्याची पद्धत फारशी नाही.

दया पवार यांच्या ‘बलुतं’ची १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेली कहाणीही अशीच आहे. ते मराठी साहित्यात ठेवावे, चरित्रांमध्ये ठेवावे, की ३०५.५६८८ या दलितविषयक अंकाखाली? हा अंक ‘दूर लोटलेले व वगळलेले वर्ग’ अशा आशयाच्या शीर्षकाखाली येतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. ते समाजशास्त्रात ठेवले तर त्याची वाङ्मयीन योग्यता दृष्टीआड होते आणि ते केवळ सामाजिक दस्तऐवज ठरते. मला ते साहित्यातच असावे असे वाटते. मात्र तालिकेत त्याला जातिव्यवस्था, दलित आणि आत्मचरित्र ही तिन्ही शीर्षके मिळालीच पाहिजेत. शीर्षकांचे शब्दही कालपरत्वे बदलतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांत पूर्वी ‘अनटचेबल्स’ असा शब्द होता. आज तेथे ‘दलित्स’ आहे. आपल्या तालिकेतील जुन्या नोंदींत कोणता शब्द आहे, हे एकदा तपासून पाहण्यासारखे आहे.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी या प्रश्नाचा विचार मुळापासून केला. त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. तयार अंकांची यादी देण्याऐवजी त्यांनी विषयाचे पैलू पाडले आणि अंक जुळवण्याचे नियम दिले. त्यांच्या पद्धतीत केशवसुतांच्या कवितेचा अंक ओ १५५,१ एम ६६ असा होतो : ‘ओ’ म्हणजे साहित्य, १५५ म्हणजे मराठी, १ म्हणजे काव्य आणि ‘एम ६६’ म्हणजे कवीचे जन्मवर्ष १८६६. येथे मराठी ही ‘इतर’ भाषा नाही. इंग्रजीचा १११ आणि मराठीचा १५५ एकाच पातळीवर आहेत. ही पद्धती आपल्या महाविद्यालयांत रुजली नाही. परंतु त्यांचे साखळी निर्देशन ड्यूईच्या अंकांनाही लावता येते. वर उल्लेखिलेल्या लांब वर्गांकाचे दुवे शेवटाकडून उलगडले की ‘महाराष्ट्र, जातिव्यवस्था’, ‘जातिव्यवस्था’, ‘सामाजिक स्तर’, ‘सामाजिक गट’ अशा विषयनोंदी क्रमाने आपोआप मिळतात. वर्गांक एकदा विचारपूर्वक तयार केला, तर तालिकेचे अर्धे काम त्यातच होते.

आता नवी मुंबईतील महाविद्यालयांपुढील प्रश्नाकडे वळू. सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांच्या आंदोलनात जासई व नवघर परिसरात पोलीस गोळीबार होऊन पाच जणांना प्राण गमवावे लागले. या इतिहासाविषयीचे एखादे पुस्तक ग्रंथालयात आले, तर त्याला कोणता अंक द्यावा? नगररचना म्हणून ७११.४, समाजशास्त्रीय दृष्टीने नगरनियोजन म्हणून ३०७.१२१६, जमिनीची मालकी म्हणून ३३३.३, आंदोलन म्हणून ३२२.४, की स्थानिक इतिहास म्हणून ९५४.७९२? परिणामी सिडकोच्या बाजूने लिहिलेले पुस्तक वास्तुशास्त्राजवळ जाते, प्रकल्पग्रस्तांच्या बाजूने लिहिलेले राज्यशास्त्राजवळ, आणि एकाच जमिनीविषयीची ही दोन पुस्तके विद्यार्थ्याच्या हाती एकत्र येत नाहीत. ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात, १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी मांडलेल्या खोतीविषयक विधेयकासंबंधीचा मजकूर आहे. उरण-पनवेलच्या जमिनींचा अभ्यास करणाऱ्याला तो लागेल. पण ‘खोती’ या शब्दाने शोध घेतल्यास तो खंड सापडेल, अशी नोंद आपल्यापैकी किती तालिकांत आहे?

धवलारीण गात असलेल्या आगरी लग्नगीतांची, म्हणजे धवल्यांची गोष्ट याहून बिकट आहे. लोकसाहित्य म्हणून ३९८, विवाहविधी म्हणून ३९२.५, गीत म्हणून ७८२.४२ आणि बोली म्हणून ४९१.४६ असे चार पर्याय समोर येतात. त्यातच हे साहित्य बहुधा छापील ग्रंथात नसून स्मरणिकेत, विद्यार्थ्याच्या प्रकल्पवहीत अथवा ध्वनिमुद्रणात असते. दाखल अंकसुद्धा न मिळता ते विभागाच्या कपाटात पडून राहते.

उपाय तांत्रिकदृष्ट्या अवघड नाहीत. इन्फ्लिबनेटची ‘सोल’ किंवा मुक्त स्वरूपाची ‘कोहा’ या संगणकप्रणालींत नोंदी मार्क २१ या आराखड्यानुसार करता येतात. त्यात ६५० क्रमांकाचे क्षेत्र प्रमाणित विषयशीर्षकांसाठी आणि ६५३ क्रमांकाचे क्षेत्र मुक्त शब्दांसाठी आहे. दोन्ही हवी तितकी वेळा भरता येतात. ‘खोती’, ‘मिठागर’, ‘धवला’, ‘साडेबारा टक्के योजना’ हे शब्द परदेशी शीर्षकयादीत शोधत बसण्याचे कारण नाही. ते ६५३ मध्ये देवनागरीत लिहावेत. संकलित ग्रंथांतील महत्त्वाच्या निबंधांसाठी स्वतंत्र विश्लेषक नोंदी कराव्यात. ड्यूईने स्वभाषेच्या साहित्याला ८१० हा विभाग देण्याची पर्यायी सवलत ठेवली आहे. परंतु मी तिची शिफारस करणार नाही. आयात केलेल्या प्रत्येक नोंदीतील अंक पुन्हा बदलत बसावे लागेल आणि एका ग्रंथपालाच्या निवृत्तीनंतर तो परिपाठ मोडेल.

खरी उणीव मनुष्यबळाची आणि विषयज्ञानाची आहे. ‘स्मॉल होल्डिंग्ज’ हा निबंध कृषी अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमाला उपयुक्त आहे, हे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला ठाऊक असते. ग्रंथपालाला ते ठाऊक असेलच असे नाही. प्राध्यापक ग्रंथखरेदीचे मागणीपत्र भरतात त्यात शीर्षक, लेखक, प्रकाशक आणि किंमत यांचे रकाने असतात. त्यात आणखी एक रकाना वाढवावा : हा ग्रंथ विद्यार्थी कोणत्या तीन शब्दांनी शोधतील? संकलित ग्रंथ असल्यास त्यातील कोणती प्रकरणे अध्यापनात लागतील, तेही तेथेच लिहावे. मागणीपत्र ग्रंथासोबत तालिका विभागात गेले, की ते शब्द ६५३ मध्ये आणि प्रकरणे विश्लेषक नोंदींत जातील. आंबेडकर ग्रंथमालेच्या पहिल्या दोन खंडांपासून आरंभ करता येईल. ते बहुतेक ग्रंथालयांत आधीच आहेत.