प्लग काढा आणि वाचा

टू-स्ट्रोक स्कूटरच्या जमान्यात प्लग साफ करणं हे घरगुती कामांतच मोडायचं. चेतक किंवा लॅम्ब्रेटा ऐन चौकात रुसली की मालक डिकीतून प्लगपाना काढणार, काजळलेला प्लग पॉलिश पेपरवर घासणार, फुंकर मारून परत बसवणार आणि किक मारणार. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल जळून प्लगवर साचायचं, त्यामुळे ही वेळ वारंवार यायची. आज मोटारीचं बॉनेट उघडलं की काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं आणि ‘हे आपलं काम नाही’ असं वाटून आपण बॉनेट खाली टाकतो. पण बहुतेक पेट्रोल गाड्यांत त्या झाकणाखाली तीन किंवा चार प्लग एका ओळीत उभे असतात आणि ते बदलणं स्कूटरपेक्षा फारसं अवघड नाही. (डिझेलवाल्यांनी इथूनच पान उलटावं. त्यांच्या इंजिनात ठिणगी नसते, दाबून तापलेल्या हवेतच इंधन पेट घेतं.)

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. इग्निशन कॉइल त्याचे २०-३० हजार व्होल्ट करते आणि एक मिलिमीटरच्या आसपासच्या फटीत ठिणगी पडते. बॉशच्या कारखान्यातल्या गोट्लोब होनोल्ड या इंजिनिअरने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग सिद्ध केला. पुढे १९५१ मध्ये बंगळूरला मायको कंपनी निघाली आणि आपल्याकडे प्लग म्हटलं की तिचंच नाव तोंडात येऊ लागलं. इंजिन ३००० फेऱ्यांवर असलं की एका सिलिंडरात सेकंदाला २५ ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगी धातूचा कण खाते, फट रुंदावते, ती ओलांडायला कॉइलला जास्त जोर लावावा लागतो. मग सकाळी गाडी थरथरते, घाटात पिकअप मिळत नाही, ॲव्हरेज घसरतं. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग मारते’.

साधा निकेलचा प्लग ३०-४० हजार किलोमीटर चालतो, इरिडियमचा लाखापर्यंत जाऊ शकतो. निकेल १४५५ अंशांना वितळतं, इरिडियम २४४६ अंशांना, म्हणून त्याचं टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं. सीएनजीचं मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, तेव्हा अशा गाडीचे प्लग लवकर झिजतात. शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा, आणि नंबर तिथलाच घ्यायचा. दुकानदार ‘हा पण चालतो’ म्हणाला तरी मान डोलवू नका. प्लगच्या उष्णतेच्या श्रेणीचे आकडे कंपन्या उलटसुलट लावतात: एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये वाढला की गरम. नकली मालही बाजारात फिरतो. पुण्याच्या नाना पेठेतून घ्या नाहीतर गावातल्या दुकानातून, पण पक्क्या बिलावर.

इंजिन पूर्ण थंड हवं. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि तापलेल्या हेडातून प्लग ओढला तर आटे सोबत येण्याची भीती. लागतं काय, तर रॅचेट, एक्स्टेन्शन आणि आत रबर किंवा चुंबक असलेली प्लगची गोटी. जुन्या मारुती ८०० ला २१ ची गोटी लागायची, आताच्या बहुतेक गाड्यांना १६ ची, काहींना १४ ची. ओम्नी किंवा ईको असेल तर पुढची सीट उचलावी लागते, कारण इंजिनच तिथे. चावी बंद करून कॉइलचा कनेक्टर त्याची खिटी दाबून सोडवायचा, दहाचा बोल्ट काढायचा आणि कॉइल किंचित फिरवत वर ओढायची. वायरवाल्या जुन्या गाडीत एका वेळी एकच वायर काढा. वायरी अदलाबदल झाल्या तर ठिणगीचा क्रमच बिघडतो. प्लग सैल करण्याआधी खड्ड्यातली धूळ हवेने उडवा, सायकलचा पंपही चालेल. खड्ड्यात पाणी दिसलं तर बहुधा इंजिन धुताना शिरलेलं, ऑइल दिसलं तर वरच्या कव्हरचं सील गेलेलं.

निघालेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा. वैद्य जीभ बघतो, तसं हे इंजिनाची जीभ बघणं आहे आणि मला तरी सगळ्या कामातला हाच भाग मोलाचा वाटतो. तांबूस-राखाडी टोक म्हणजे प्रकृती उत्तम. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी; एअर फिल्टर बघा. किंवा गाडी रोज दोन-दोन किलोमीटरच धावते. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर तापलं की काजळी आपोआप जळते, आणि इतक्या छोट्या फेरीत ते तेवढं तापतच नाही. ओलसर तेलकट थर असेल तर ऑइल आत उतरतंय. नवा प्लग हा त्यावरचा उपाय नव्हे. पांढरं, फोड आलेलं सिरॅमिक अतितापाची खूण. चारांपैकी एकच वेगळा दिसला तर दुखणं त्याच सिलिंडरात.

नव्या प्लगची फट फीलर गेजने तपासा. इरिडियमला मात्र गेज सुद्धा जपून लावा, तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात नको. हातातून पडलेला प्लग वापरू नका, सिरॅमिकला केसाएवढी चीर गेली तरी ठिणगी भलतीकडे पळते.

बसवताना रॅचेट बाजूला ठेवा. गोटी आणि एक्स्टेन्शन बोटांनी फिरवत प्लग तळाला टेकेपर्यंत न्या. अडला तर उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करा. तिरपा घुसवून आटे गेले तर दोनशे-चारशेचं काम हेडच्या खर्चावर जातं. टॉर्क पाना असेल तर १४ मिलिमीटर आट्यांना २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरच्या आट्यांना १५ ते २०. नसेल तर १४ च्या नव्या गॅस्केटवाल्या प्लगला टेकल्यानंतर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो. शंकूसारख्या बैठकीच्या प्लगला फक्त एक सोळांश. पहिलवानी नको, आट्यांना ग्रीसही नको. निसरड्या आट्यांवर पाना खरा जोर दाखवत नाही.

एवढं करूनही मिसिंग राहिली आणि स्कॅनरवर पी०३०२ हा कोड आला, तर दोष दुसऱ्या सिलिंडरात आहे. दोन आणि तीनच्या कॉइल आपसांत बदलून बघा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब, दोनवरच राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, आणि मग गाडी मेकॅनिककडे न्या. तशीच पळवू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि प्लगपेक्षा तो कितीतरी महाग.