हंगाम किती महिन्यांचा, प्रश्न तिथेच आहे

११ एप्रिल २०२५ रोजी पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या मैदानावर ईस्ट बंगालने ओडिशा एफसीला १-० असे हरवून इंडियन विमेन्स लीगचे, म्हणजे आयडब्ल्यूएलचे, विजेतेपद पहिल्यांदाच पटकावले. गोल तेलंगणाच्या सौम्या गुगुलोथचा. या क्लबच्या पुरुष संघाने राष्ट्रीय लीग शेवटची जिंकली ती २००३-०४ मध्ये, तेव्हा मुलींच्या विजयाचे अप्रूप समजण्यासारखे आहे. तरी त्या सामन्यात जास्त बोलका होता तो हरलेला संघ. ओडिशा एफसी हा आदल्या हंगामाचा विजेता, आणि २०२४-२५ संपताना तोच दुसऱ्या श्रेणीत घसरला. बाद फेरीत एका दुपारी डाव फसला की भलेभले गारद होतात. पण साखळीच्या तक्त्यात तळाला जायचे तर महिनोन्महिने कमी पडावे लागते. तेवढे महिने या स्पर्धेला मिळू लागले, ही अलीकडची गोष्ट आहे. भारतातल्या महिला फुटबॉलची प्रगती मोजायची तर बक्षिसाची रक्कम किंवा संघांची संख्या यांच्याआधी एका खेळाडूला वर्षात किती चुरशीचे सामने मिळतात, हे पाहावे.

आयडब्ल्यूएलची सुरुवात आठवून पाहा. पहिल्या हंगामाची मुख्य फेरी २०१७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिल्लीत झाली. ६ संघ, प्रत्येकी ५ साखळी सामने, मग उपांत्य आणि अंतिम. १४ फेब्रुवारीला मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट क्लबला ३-० असे नमवले, आणि ७ सामन्यांत राष्ट्रीय विजेता ठरला. पुढची काही वर्षे हीच तऱ्हा: कधी शिलाँग, कधी लुधियाना, कधी बेंगळुरू. जत्रेसारखे सगळे एका गावी जमायचे आणि पाल उठले की वर्षभर शुकशुकाट. एक दिवसाआड खेळायचे म्हटले की दुखापत बरी व्हायला वेळ नाही, चूक सुधारायला सराव नाही, घरचा प्रेक्षक तर नाहीच. २०२२-२३ मध्ये अहमदाबादेत एप्रिल-मेच्या उन्हात १६ संघ उतरले. अंतिम सामन्यात गोकुलम केरळने किकस्टार्टचा ५-० असा धुव्वा उडवला. गोकुलमकडून खेळणाऱ्या नेपाळच्या सबित्रा भंडारीने त्या एका स्पर्धेत २९ गोल केले. ती थोर खेळाडू आहे, वाद नाही. पण समोरच्या बचाव फळ्या किती कच्च्या होत्या, हेही तो आकडा सांगतो.

डिसेंबर २०२३ मध्ये घरचे आणि बाहेरचे सामने ही पद्धत आली. आधी ७ संघ आणि प्रत्येकी १२ सामने, नंतर ८ संघ आणि १४ सामने. यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की १६ संघांचे ७ करणे ही वाढ कशी? राज्येच्या राज्ये गळाली, आपला महाराष्ट्रही गळाला. आक्षेप वजनदार आहे. पण अहमदाबादेत १६ पैकी ८ संघ ७ सामने खेळून घरी परतले होते. आज निम्मे संघ दुप्पट सामने खेळतात आणि बाकीच्यांसाठी आयडब्ल्यूएल २ आहे, जिथून वर येता येते. खालची श्रेणी नीट चालली तरच हे समर्थन टिकते, हे मात्र कबूल करायला हवे.

दुसरा आक्षेप राष्ट्रीय संघाच्या नावाने येतो. लांबलचक लीगपेक्षा निवडक मुलींचे लांब शिबिर स्वस्त आणि परिणामकारक, असे म्हणणारे कमी नाहीत. शिबिरात २५-३० जणी तयार होतात. ८ संघांची लीग दोनशेच्या आसपास मुलींना झुंजवते, आणि निवड त्यांतून करायची असते. ५ जुलै २०२५ रोजी च्यांग माई येथे भारताने थायलंडला २-१ असे हरवले. संगीता बासफोरच्या दोन गोलांनी भारत प्रथमच पात्रता फेरी खेळून महिलांच्या आशिया चषकासाठी पात्र ठरला. थायलंड म्हणजे दोन विश्वचषक खेळलेला संघ. आपले प्रशिक्षक होते क्रिस्पिन छेत्री, ज्यांनी २०२३-२४ मध्ये ओडिशाला लीग जिंकून दिली होती. एवढ्यावरून लीगमुळेच आपण जिंकलो असे सिद्ध होत नाही. पण नियमित सामन्यांत घडलेली माणसेच तिथे उभी होती.

लीग अजून किती तोकडी आहे, हे क्लबांच्या आशियाई स्पर्धेत उघड झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओडिशा एफसीने जपानच्या उरावा रेड्सकडून १७ गोल खाल्ले आणि केला एकही नाही. जपानच्या साखळीत १२ क्लब, म्हणजे प्रत्येकाला २२ सामने. वर्षभराने ईस्ट बंगालने वूहानमध्ये इराणच्या बाम खातूनला ३-१ असे हरवले. या स्पर्धेच्या गटफेरीत भारतीय क्लबचा तो पहिला विजय. पुढचे दोन सामने ते हरले, तरी वर्षभरात कापलेले अंतर डोळ्यांत भरते.

आता पैशाकडे येऊ. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये क्लबांतल्या किमान १० भारतीय खेळाडूंसाठी वर्षाला निदान ३ लाख २० हजार रुपयांच्या कराराची अट जाहीर केली. महिन्याला साडेसव्वीस हजारांच्या थोडे वर. पण २०२४-२५ चा हंगाम जानेवारीत सुरू होऊन एप्रिलमध्ये आटोपला. उरलेले आठ महिने मैदान रिकामे असेल, तर क्लब पूर्ण वर्षाचा करार का करील? पगार वाढवायचा रस्ता हंगाम लांबवण्यातून जातो. प्रेक्षक नाहीत, प्रवासाचा खर्च निघत नाही, ही क्लबांची तक्रार खरी आहे; पण वर्षातून मोजकेच सामने गावात होत असतील तर प्रेक्षकाला सवय लागणार कशी?

हा खर्च पेलू शकणारे बरेच जण लांबच उभे आहेत. २०२४-२५ मध्ये पुरुषांच्या इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, १३ क्लब होते. त्यांतल्या फक्त ईस्ट बंगाल आणि ओडिशाचे महिला संघ आयडब्ल्यूएलमध्ये दिसले. केरळ ब्लास्टर्सने तर २०२३ मध्ये, मैदान सोडल्याबद्दल पुरुष संघाला दंड झाल्यावर, महिला संघच थांबवला. चूक कुणाची आणि भुर्दंड कुणाला! राहिला भार गोकुलम, सेतू, किकस्टार्ट यांच्यासारख्यांवर. आयएसएल खेळायचे तर महिला संघ उभा करावाच लागेल, अशी अट घालायला महासंघाने आणखी वाट पाहू नये.

महाराष्ट्राचा हिशेब फार लांबलचक नाही. पहिल्या हंगामात एफसी पुणे सिटी होती, नंतर कोल्हापूर सिटी आली, अहमदाबादेत मुंबई नाइट्स खेळली. २०२२ चा आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. भारताला करोनामुळे त्यातून मध्येच बाहेर पडावे लागले. २०२४-२५ नंतर आयडब्ल्यूएल २ मधून वर आलेल्या दोन संघांत दिल्लीच्या गढवाल युनायटेडबरोबर गोव्याची सेसा फुटबॉल अकादमी होती. महाराष्ट्राचा संघ पुढच्या हंगामाच्या ८ संघांत नव्हता.